व्हायरस, वर्म, ट्रोजन, रॅन्समवेअर : आधी ओळखा, मग हात लावा

जुलै २०१९. लग्नसराई उरकली होती, दुकानात गर्दी नव्हती. तालुक्याच्या गावात माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, फ्लेक्सची डिझाइनं, असलं काम. त्या दुपारी मी डिझाइनच्या एका महागड्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे ते पैसे न भरता चालवून देणारी चोरटी फाइल, उतरवली. थोड्या वेळात पडद्यावर विंडोज अपडेट होत असल्याची खिडकी आली, म्हणून चहाला बाहेर पडलो. परत येऊन बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट लागलेलं. एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची चिठ्ठी होती : ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत संपर्क केलात तर ४९०.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि म्हणालो, "व्हायरस आलाय." व्हायरसवर लोक करतात तेच त्यानं केलं, फॉरमॅट मारला. अकरा वर्षांचं काम गेलं. बाहेरची हार्डडिस्क केबल लावूनच ठेवलेली असायची, त्यामुळे तीही त्यात गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीनं नेमक्या याच कुळातल्या रॅन्समवेअरच्या, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या, १४८ प्रकारांसाठी फायली सोडवणारं साधन फुकट दिलं. ऑगस्ट २०१९ च्या आधीच्या प्रकारांसाठी फार काही लागतही नव्हतं. एकाच फाइलच्या दोन प्रती, एक चांगली आणि एक बिघडलेली, एवढं दिलं की काम होत होतं. चांगल्या प्रती माझ्या गिऱ्हाइकांच्या मेलमध्ये पडून होत्या. बिघडलेल्या फायली मात्र मी स्वतःच पुसायला लावल्या होत्या. दुसरा फटका आठवड्याभरानं बसला. माझ्या मेलमध्ये बाहेरून कोणीतरी शिरत होतं. हे रॅन्समवेअर येताना सोबत पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्रॅम आणतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मशीन स्वच्छ झालं, पासवर्ड मात्र जुनेच राहिले.

व्हायरस न म्हणता रॅन्समवेअर म्हणालो असतो, तर समोरच्यानं कदाचित हात आखडता घेतला असता. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

१. दोन याद्या वेगळ्या करा

अशा सगळ्या घातक सॉफ्टवेअरला मिळून मालवेअर म्हणतात. कुठेही वाचायला गेलात तर व्हायरस, वर्म, ट्रोजन, स्पायवेअर, रॅन्समवेअर, रूटकिट ही सगळी नावं एकाच रांगेत उभी केलेली दिसतात. नवा माणूस तिथेच गोंधळतो. कारण यातली काही नावं तो कसा आला आणि कसा पसरतो हे सांगतात, तर काही नावं आत येऊन तो काय करतो हे सांगतात. डेंग्यू डासामुळे होतो आणि ताप आणतो. 'तुम्हाला डासाचा आजार झालाय की तापाचा?' असं कोणी विचारत नाही. तरीही 'ट्रोजन आहे की रॅन्समवेअर?' असं आपण सर्रास विचारतो. माझ्याकडे आलेला दोन्ही होता. ट्रोजन म्हणून आला आणि रॅन्समवेअर म्हणून वागला.

म्हणून कागदावर दोन रकाने करा : 'कसा आला' आणि 'काय करतोय'. पहिल्या रकान्यावरून दार कुठलं बंद करायचं ते कळतं, दुसऱ्यावरून आत्ता काय वाचवायचं ते कळतं.

२. पहिला रकाना : कसा आला

*व्हायरस.* खरा व्हायरस दुसऱ्या फाइलला किंवा डिस्कच्या सुरुवातीच्या भागाला चिकटतो आणि तुम्ही ती चालवलीत की जागा होतो. पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जाणारा 'ब्रेन' १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे त्याच सुरुवातीच्या भागात, बसायचा. आपल्याकडेही फ्लॉपीच्या काळात हा त्रास इतका होता, की पुण्यात दुरुस्तीचं दुकान चालवणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर औषध लिहायला घेतलं. त्यातूनच क्विक हील ही अँटिव्हायरसची कंपनी उभी राहिली. अशा अस्सल अर्थाचा व्हायरस आता कमी भेटतो. वर्ड-एक्सेलच्या फाइलमधला मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आतच बसवलेला छोटा प्रोग्रॅम, हे त्याचं आजही दिसणारं रूप. फाइल उघडताच वर पिवळी पट्टी येऊन 'एनेबल कंटेंट' दाबा म्हणाली, तर फाइल कितीही ओळखीची असो, दाबू नका.

*वर्म.* वर्म स्वतःच चालत जातो. त्याला चिकटायला दुसरी फाइल लागत नाही. काही वर्मना तुमच्या क्लिकचीही गरज नसते, नेटवर्कमधलं एखादं भोक पुरतं. १२ मे २०१७ ला सुटलेला 'वॉनाक्राय' असाच होता. काही दिवसांत दीडशेच्या आसपास देशांतली दोन लाखांहून जास्त मशीन त्यानं धरली. यातली चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की मायक्रोसॉफ्टनं ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते सापडले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. दुकानात अजून तेच चालू असेल, तर पुढे सापडणाऱ्या भोकांचं काय करायचं हे आजच ठरवा.

झेरॉक्सच्या आणि डीटीपीच्या दुकानातला 'शॉर्टकट व्हायरस' हाही खरं तर बहुतेक वेळा वर्मच असतो. तो नीट ओळखायला शिका, कारण विद्यार्थी तो रोज घेऊन येतात. पेनड्राइव्ह उघडला की आत तुमचीच फोल्डरं दिसतात, पण चित्राच्या डाव्या कोपऱ्यात छोटासा वळलेला बाण असतो. टाइपच्या रकान्यात 'फाइल फोल्डर'ऐवजी 'शॉर्टकट' लिहिलेलं असतं. त्यावर डबलक्लिक केलं की फोल्डर उघडतंही, म्हणून संशय येत नाही. पण त्याच क्लिकनं आधी वर्म चालतो आणि मशीनमध्ये मुक्काम करतो. त्यानंतर लावलेला प्रत्येक पेनड्राइव्ह तो बाटवतो.

खरी फोल्डरं कुठेही गेलेली नसतात, फक्त लपवलेली असतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'शो हिडन फाइल्स' निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' समोरची खूण काढा. ती फिकट रंगात समोर येतील. पेनड्राइव्ह फॉरमॅट करायची घाई करू नका. मुलांचे प्रोजेक्ट असतात त्यात.

*ट्रोजन.* हा स्वतः पसरत नाही. आपणच त्याला हौसेनं आत घेतो. क्रॅक, की-जनरेटर, फुकटचा ॲक्टिव्हेटर, 'तुमचं बिल जोडलं आहे' म्हणून आलेली झिप. आज सामान्य माणसाला जे काही लागतं त्यातलं बहुतेक याच वाटेनं येतं, असं माझं अनुभवाचं मत आहे. एक खूण सोन्यासारखी जपा. क्रॅकसोबत आलेल्या सूचनांमध्ये पहिली ओळ 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी असते. माझ्याही क्रॅकमध्ये होती. मी बंद केला होता.

फाइलच्या नावानंही फसगत होते. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाच्या वर्मनं मेलमधून जगभर धुमाकूळ घातला. ती फाइल टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर वाटायची, पण नावाच्या अगदी शेवटी व्हीबीएस होतं आणि विंडोज ते शेवटचं शेपूट दाखवतच नव्हतं. आजही विंडोज ते मुळात लपवूनच ठेवतं. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. पीडीएफ म्हणून आलेल्या फाइलच्या टोकाला ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस किंवा जेएस दिसलं, की ती फाइल उघडायची नाही.

३. दुसरा रकाना : आत येऊन काय करतोय

*रॅन्समवेअर* फायली कुलूपबंद करून खंडणी मागतं. माझ्याकडे आलेल्याची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तो प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबीचा भागच बिघडवायचा. म्हणजे मोठ्या झिप फायलींमधलं बरंचसं काम साधन यायच्या आधीही वाचवता आलं असतं. सगळी रॅन्समवेअर अशी नसतात, बरीचशी आजही सुटत नाहीत. पण सुटेल की नाही, हे कुठलं आहे ते कळल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

*वायपर* हा रॅन्समवेअरचा मुखवटा घालून येतो, पण त्याला पैसे नको असतात, नासधूस हवी असते. २७ जून २०१७ चा 'नॉटपेट्या' तसाच होता. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला, मर्स्क या जहाज कंपनीला लागला आणि त्यामुळे इकडे उरणजवळ जेएनपीटी बंदरामधल्या त्यांच्या टर्मिनलचं काम अडलं. त्यात पैसे भरूनही फायली परत मिळण्यासारख्या नव्हत्या. खंडणी द्यायचा विचार मनात येईल तेव्हा हे आठवा.

*स्टीलर, कीलॉगर, स्पायवेअर.* हे गुपचूप राहतात. कीलॉगर तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ टिपतो. स्टीलर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काही क्षणांत उचलून नेतो. सोबत लॉगिन चालू असल्याच्या खुणा, म्हणजे कुकीज, नेतो. त्या असल्या की चोराला पासवर्ड आणि ओटीपी दोन्हींशिवाय आत शिरता येतं. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. 'सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट' हेही करावं लागतं.

*बॉट.* तुमचं मशीन दुसऱ्याच्या सैन्यात भरती होतं आणि तुम्हाला फक्त नेट संथ वाटतं. यात कॅमेरेही येतात. २०१६ मधल्या 'मिराई'नं कंपनीचेच पासवर्ड तसेच ठेवलेले सीसीटीव्ही आणि राउटर जमवले होते. दुकानातला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, बसवून देणाऱ्यानं कुठला पासवर्ड ठेवलाय, ते एकदा विचारा.

*मायनर* तुमच्या विजेवर दुसऱ्याची क्रिप्टोनाणी पाडतो. काही काम नसताना पंखा घरघरतो ते यामुळे असू शकतं. *ॲडवेअर* जाहिरातींचा भडिमार करतं आणि ब्राउझरचं पहिलं पान बदलतं. *रूटकिट* स्वतःला आणि इतरांना लपवतं, त्यामुळे चालू विंडोजमधून केलेल्या स्कॅनवर तिथे विसंबता येत नाही.

कधीकधी माणसाकडे काही चूक नसते आणि पैसे जातात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. मालवेअरनं एटीएमच्या विनंत्या बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोचूच न देता परस्पर मंजूर केल्या आणि बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. तिथे फटका बँकेला बसला, खातेदारांच्या खात्यांना नाही.

४. मोबाइल : लग्नपत्रिका आणि चलन

आता सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. ओळखीच्याच नंबरवरून व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका डॉट एपीके', 'ई-चलन डॉट एपीके' किंवा 'पीएम किसान डॉट एपीके' येतं. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायची फाइल. ओळखीच्याच नंबरवरून येतं, कारण त्या माणसाचा फोन आधी गेलेला असतो.

मी पत्रिका छापतो, तेव्हा एवढं माझ्या धंद्यातलं म्हणून ऐका : पत्रिका ही जेपीजी, पीडीएफ किंवा व्हिडिओ असते. पत्रिका बघण्यासाठी काही 'इन्स्टॉल' करावं लागत नाही. चलन खरं आहे का, हे वाहतूक पोलिसांच्या किंवा परिवहनच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून स्वतः बघा.

एपीके टाकलं की ते दोन परवानग्या मागतं : एसएमएस वाचायची आणि 'ॲक्सेसिबिलिटी'ची. पहिलीनं ओटीपी जातो. दुसरीनं पडद्यावर काय आहे ते दिसतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. टाकून झालं असेल तर या क्रमानं करा :

फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय बंद झालं का ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय, कार्ड आणि नेटबँकिंग थांबवा. मग फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप बंद ठेवून, सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की हा पर्याय येतो. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन'च्या यादीतून ते ॲप आधी काढा, नाहीतर अनइन्स्टॉलचं बटण फिकटच राहतं. मग ॲप काढा. बऱ्याचदा त्याला नाव किंवा चित्र नसतं, म्हणून यादी तारखेनुसार बघा. शेवटी नेटवर्क परत चालू करून ##००२# डायल करा, म्हणजे कोणी कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ते रद्द होतात. फोटो वेगळे काढून फॅक्टरी रिसेट केलात तर जास्त बरं.

५. आधीपासून हाताशी हवं ते

एक बाहेरची हार्डडिस्क, आणि ती कपाटात हवी, केबलला लटकलेली नको. बॅकअप झाला की काढायची. दुसरी प्रत क्लाउडवर किंवा घरी. महिन्यातून एकदा बॅकअपमधली कुठलीही एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची.

विंडोजची एक बूट होणारी, म्हणजे जिच्यावरून मशीन सुरू करता येतं अशी, पेनड्राइव्ह, दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बनवून ठेवलेली. पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कांसाठी विंडोजमधलं 'ऑटोप्ले' बंद. अँटिव्हायरस एकच. दोन टाकले की ते एकमेकांच्या पायात येतात. विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू आणि अद्ययावत असेल तर घरगुती कामाला पुरतो. रोजच्या वापरासाठी ॲडमिन नसलेलं खातं. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर बॉट काढायची साधनं फुकट मिळतात.

आणि एक वही. सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे नंबर, बँकेचा हेल्पलाइन नंबर, राउटरचा पासवर्ड. संकट आलं की हे सगळं ज्या मशीनमध्ये साठवलेलं असतं तेच मशीन बंद असतं.

६. लागण झालीच तर

पहिल्यांदा नेटची केबल आणि वायफाय काढा. लागून असलेल्या डिस्का, पेनड्राइव्हही काढा. वर्म असेल तर बाजूची मशीन वाचतात, स्टीलर असेल तर गळती थांबते.

दुसरं, पडद्याचा फोटो मोबाइलवर काढा. खंडणीची चिठ्ठी, फाइलचं नवं शेपूट, वेळ, सगळं त्यात यायला हवं.

तिसरं, दुसऱ्या रकान्याकडे बघा. फायली बिघडताना दिसत असतील तर मशीन तिथल्या तिथे बंद करा, राहिलेल्या तरी वाचतील. फायली आधीच गेल्या असतील तर फॉरमॅट नाही, म्हणजे नाही. डिस्क काढून घ्या आणि मशीनमध्ये नवी बसवा.

चौथं, मेल, बँक, व्यवसायाचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदला. याच मशीनवर बसून बदललेत तर नवे पासवर्डही जातील. मेल सगळ्यांत आधी, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्याच मेलवरून पुन्हा बनवता येतात.

पाचवं, रॅन्समवेअर नसेल तर साफसफाई. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' आहे. तो मशीन रीस्टार्ट करून विंडोज उठायच्या आधी तपासतो, त्यामुळे लपणारेही सापडतात. तरी शंका राहिली तर डेटा काढून विंडोज नव्यानं टाका. फॉरमॅटची जागा इथे आहे, सुरुवातीला नाही.

संशयाची एखादी फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर टाकून बरेच अँटिव्हायरस तिला काय म्हणतात ते बघता येतं. पण गिऱ्हाइकाची कागदपत्रं, आधार, सातबारा तिथे चढवू नका. तिथे टाकलेली फाइल इतरांच्याही हाती जाऊ शकते.

७. तक्रार

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते, ती पहिल्या काही तासांतच. बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होतं ते रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाच्या माथी येत नाही, म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. सोबत ओळखपत्र, खात्याचा उतारा आणि त्यातले संशयित व्यवहार खूण करून, पडद्याचे फोटो, आलेला मेसेज किंवा मेल, तो ज्या नंबरवरून आला तो नंबर, आणि घटनाक्रम तारीख-वेळेसह एका कागदावर, एवढं तयार ठेवा. मूळ मेसेज पुसू नका. भीतीनं किंवा लाजेनं लोक तेच आधी पुसतात.

रॅन्समवेअर असेल तर 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर जा. युरोपोल ही युरोपातली पोलीस संस्था, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प फुकट आहे. बिघडलेली एक फाइल आणि ती चिठ्ठी तिथे दिली की कुठलं कूळ आहे आणि त्यावर साधन आहे का ते कळतं. साधन नसेल तर डिस्क पाकिटात घाला, वर तारीख आणि शेपटाची अक्षरं लिहा, चिठ्ठीची छापील प्रत आत ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.